समासातल्या फुल्या

४ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. यातलं साष्टांग यंदा खरं धर. तू कळवलेली सांध्यांची गोळी मी आमच्या डॉक्टरीणबाईंना सांगितली, त्यांनी सगळं तपासून तीच लिहून दिली, आणि सप्टेंबरपासून गुडघे असे वाकायला लागलेत की परवा जिना उतरताना कठडा धरायचाच विसरलो. शेवटच्या पायरीवर ते लक्षात आलं आणि घाबरून धरला. संधिवात तुझ्या अंगठ्यांत आणि माझ्या गुडघ्यांत. वडिलांनी एवढी एक वाटणी तरी न्यायाने केली म्हणायची.

दुसरी बातमी अशी की मी काम सोडतोय. एकतीस मेला हंगाम संपला की विंगेतलं स्टूल रिकामं करणार. चौतीस वर्षं पडद्याआड बसून दुसऱ्यांची विसरलेली वाक्यं कुजबुजली, पुरे झालं. मॅनेजरांना तशी चिठ्ठी दिली आहे. कारण डोळे. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि नवा प्रॉम्प्टर बघतो म्हणाले. बाईंना मात्र मी अजून सांगितलेलं नाही. बाई म्हणजे आमच्या नाटकातली आई, तुला ठाऊक आहेच. सत्तरी गाठली आहे, आणि गेली बारा वर्षं निम्मा दुसरा अंक माझ्या कुजबुजीवर काढतात. आम्ही दोघं सध्या बोलत नाही. तसं विशेष काही कारण नाही.

पाचशेव्या प्रयोगाला तुझी कडेची खुर्ची रिकामी होती. मी विंगेतून तीनदा डोकावलो. गणवेशांची घाई होती असं तू कळवलंस. नोव्हेंबरात गणवेश कोण शिवून घेतं, हे मी विचारत नाही.

लोभ आहे तेवढा ठेव, कामावरून उतरलेल्या माणसाला जरा जास्तच लागेल.

तुझा धाकटा

११ मार्च

चि. पोपटास,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र पोचलं. डोळे म्हणे! दोन वर्षांपूर्वी इथे आला होतास तेव्हा माझ्या शिवणयंत्राच्या सुईत दोरा कोण ओवत होतं? आणि हे पत्र तू मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं आहेस. ते वाचायला मला चष्मा लागला.

लहानपणी मी कविता म्हणताना अडले की तू खिडकीबाहेरून पुढची ओळ सांगायचास, म्हणून तर पोपट नाव पडलं. तेव्हापासून मी तुला ओळखते. तू खोटं बोललास की तपशील फार देतोस, आणि नेमक्या गोष्टीपाशी आलास की घाईने पुढे जातोस. या पत्रात कठडा आहे, शेवटची पायरी आहे, मॅनेजरांचा आतला खिसा आहे. डोळ्यांबद्दल एकच शब्द, आणि बाईंशी अबोला का, त्याबद्दल तर तोही नाही.

बिऱ्हाड न मांडता तू त्या स्टुलाशी संसार केलास. ते उगाच सोडणार नाहीस. खरं काय ते लिही, नाहीतर मॅनेजरांनाच पत्र घालते.

माझे अंगठे ठीक. दुकान ठीक. मुलगा-सून मजेत. आशीर्वाद देतेच आहे, पण खरं उत्तर आल्यावर जास्त देईन.

ताई

१९ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तू कापडं बेतण्यात वाया गेलीस, वकील व्हायची होतीस. लिहितो. मात्र हे पत्र वाचून फाड, आणि तुकडे दुकानातल्या चिंध्यांच्या पोत्यात टाकू नकोस. तुझ्या कारागीर बाई जोडून वाचतील.

डोळे ठणठणीत आहेत. बिघाड त्यांच्या बराच खाली आहे. मला सारखी लघवीला लागते. लिहिला बघ शब्द. तीन दिवस नुसता पेन धरून बसलो होतो. सारखी म्हणजे तासाला तीनदा, आणि लागली की तिला धीर नाही. जळजळ वेगळीच. आमचा पहिला अंक पंचावन्न मिनिटांचा, दुसरा सत्तर. विंगेपासून मागच्या दाराशी असलेल्या संडासापर्यंत बावीस पावलं, आणि वाटेत जुन्या नाटकाचा एक कोच पडलेला आहे. तो कोच मी आता अंधारातही ओळखतो, नडगीने.

जानेवारीत एका प्रयोगाला दुसऱ्या अंकात कळ आली. आई घर सोडताना बॅग भरते, तिथे बाईंचं दोन पानी भाषण आहे. बारा वर्षांत त्या तिथे एकदाही अडखळल्या नव्हत्या. भाषणाला चार मिनिटं, मला जाऊन यायला अडीच, असा हिशेब करून मी हळूच उठलो. परत आलो तर रंगमंचावर चिडीचूप. बाई पहिल्याच पानावर अडल्या होत्या. त्यांनी विंगेकडे पाहिलं होतं आणि विंगेत नुसतं स्टूल होतं. पण त्या मुरलेल्या नटी. भरलेल्या बॅगेतले कपडे त्यांनी बाहेर काढले आणि शांतपणे एकेकाची पुन्हा घडी घालायला घेतली. सहावी घडी चालू असताना मी धापा टाकत पोचलो आणि वाक्य दिलं. माझ्या पँटचं बटण उघडंच होतं. विंगेत अंधार असतो, एवढंच या धंद्यातलं सुख.

पुढच्या आठवड्यात पेपरात छापून आलं की त्या दोन मुक्या मिनिटांत बाईंनी आईचं अख्खं आयुष्य उभं केलं. त्या मिनिटांचा खरा कर्ता तेव्हा कुठे उभा होता, हे कळलं असतं तर लिहिणाऱ्याने शाई परत मागितली असती.

तेव्हापासून बाई माझ्याशी बोलत नाहीत. उलट प्रत्येक प्रयोगाला त्याच जागी थांबतात आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता घड्या घालत बसतात. स्तुती डोक्यात गेली, दुसरं काय. मीही निर्लज्जासारखा तेवढ्यात जाऊन येतो. पण एखाद्या दिवशी त्या घड्या घालणार नाहीत, किंवा मला पाच मिनिटं आधीच लागेल, आणि भरल्या थिएटरात त्यांची पुन्हा फजिती होईल. ती माझ्यामुळे व्हायला नको. म्हणून आपण होऊन उठतो आहे. पण ताई, स्टूल सोडून करू काय? मला दुसरं काहीच येत नाही.

डॉक्टरीणबाईंना सांगितलेलं नाही. त्या भाचीच्या वयाच्या, आणि दोनदा आमच्या नाटकाला येऊन रडून गेलेल्या. त्यांच्यापुढे हा विषय कसा काढू? आणि वयच झालंय, त्यावर त्या तरी काय देणार? पाणी पिणं जवळजवळ बंद केलंय, बघू.

हे वाचूनही लोभ उरला तर कळव.

तुझा धाकटा

२७ मार्च

चि. पोपटास,

अनेक आशीर्वाद. पत्र फाडलं. आधी खूप हसले, मग बटणापाशी आले आणि हसू आपोआप थांबलं.

आता ऐक. पाणी बंद करू नकोस, त्याने जळजळ वाढते. निघायच्या आधी दोन तास चहा मात्र नको. पँट गडद रंगाची घाल. नव्या जागी गेलास की आधी ते दार कुठल्या अंगाला आहे ते बघ आणि मग खुर्ची धर. जोरात हसायचं असेल किंवा खोकायचं असेल तर बसून. पिशवीत कपड्यांचा एक जास्तीचा जोड असू दे आणि त्यावर टॉवेलची घडी ठेव, म्हणजे कुणी आत डोकावून विचारत नाही. लांबच्या प्रवासाचं निमंत्रण आलं तर लगेच नाही म्हणू नकोस, लोकांना संशय येतो. आधी हो म्हणावं आणि आदल्या दिवशी काहीतरी निघावं.

आणि डॉक्टरकडे जा. लाज वाटते म्हणून वयावर ढकलू नकोस. मी येऊन तुला दंडाला धरून नेलं असतं, पण सध्या दुकान सोडून निघणं जमायचं नाही.

जाऊन आलास की लगेच कळव. जीव लागून राहिला आहे.

ताई

८ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. गेलो एकदाचा. डॉक्टरीणबाईंनी काय होतंय विचारलं. मी गुडघे छान म्हणालो, झोप छान म्हणालो, त्यांच्या खिडकीतल्या कुंडीचंही कौतुक केलं. पुढे गाडी हलेना. जन्मभर लोकांना शब्द पुरवणारा माणूस, त्याला स्वतःचा एक शब्द सुचेना आणि पाठीमागे कुजबुजायला कुणी नाही. शेवटी पिशवीतून संहिता काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

माझी सवय तुला माहीत आहे. प्रयोगात जो जिथे अडखळेल तिथे समासात पेन्सिलीने गोल करायचा आणि तारीख टाकायची. चौतीस वर्षांत एकही प्रयोग सुटलेला नाही. ऑक्टोबरपासून मीच उठून जायला लागलो. मग स्वतःला का सोडायचं, म्हणून जिथे उठलो तिथे फुली मारत गेलो. डॉक्टरीणबाईंनी गोल कशाचे विचारलं, मी सांगितलं. फुल्या कशाच्या विचारलं, मी छताकडे बघितलं. त्यांनी पानं उलटली आणि लघवीला जावं लागतं का, असं अगदी हळू विचारलं. ताई, इतक्या वर्षांत मला कुणीतरी पहिल्यांदाच प्रॉम्प्ट केलं. मग मात्र मी सगळा अंक एका दमात म्हणून टाकला.

त्यांनी संहिता माझ्याहून बारकाईने वाचली. सप्टेंबरपर्यंत एक फुली नाही. गोळी सुरू होऊन तीन आठवड्यांनी पहिली, मग प्रयोगाला दोन, मग पाच. डिसेंबरात गोळ्यांची डबी घरी विसरून मी दौऱ्यावर गेलो होतो. त्या दहा दिवसांच्या शेवटच्या तीन प्रयोगांत पुन्हा एकही फुली नाही, नुसत्या गुडघ्यांना दिलेल्या शिव्या आहेत. त्या शिव्याही त्यांनी वाचल्या. म्हणाल्या की हा गोळीचा परिणाम असू शकतो, पण नुसत्या फुल्यांवर निकाल देता येणार नाही, या वयात पुरुषांना इतर कारणंही असतात. म्हणून लघवी तपासली, रक्तातली साखर पाहिली, सोनोग्राफी केली. जंतू नाहीत, साखर नाही, प्रोस्टेट वयाच्या मानाने सभ्य. आता ती गोळी थांबवून दुसरी दिली आहे आणि महिन्याने बोलावलंय. पुन्हा असं काही झालं तर मनाने काही बंद करू नका आणि लपवूही नका, हे दोनदा बजावलं.

निघताना त्यांनी सहज विचारलं की घरात ही गोळी आणखी कुणी घेतं का. बहीण घेते म्हणालो. तिला काही त्रास? मी म्हणालो, छे, ती ठणठणीत आहे.

रस्त्यात अर्ध्यावर पाय थांबले. तुझं मागचं पत्र खिशातच होतं. तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसून पुन्हा वाचलं. पिशवीत टॉवेलची घडी वर ठेवायची, हे तुला कसं ठाऊक? खोकायचं ते बसून, हे कुणी शिकवलं? ताई, तुमच्याकडून इथे यायला बसला आठ तास लागतात आणि ती मधे एकदाच थांबते. पाचशेव्या प्रयोगाला तू का आली नाहीस?

लोभाचं नंतर बघू, आधी उत्तर दे.

तुझा धाकटा

१५ एप्रिल

चि. पोपटास,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते द्यायला मला तोंड नाही.

सव्वा वर्ष झालं. तुझ्या आधी आठ महिने मी ती गोळी घेते आहे. दुकानात माझी खुर्ची मी मागच्या दाराशी नेली. कारागीर बाईंना सांगितलं की तिथे उजेड चांगला येतो. दारासमोर नुसती भिंत आहे. माझ्याकडे तुझ्यासारख्या फुल्या नाहीत, पण मापांची वही आहे. तुझं पत्र वाचून ती चाळली. खांदा, छाती, कंबर लिहिलेली, आणि मग पुढे कोरं. मधेच उठून गेले आणि परत येऊन काय राहिलं ते आठवलं नाही, अशी अकरा मापं निघाली. एका गिऱ्हाइकाची उजवी बाही मी अंदाजाने शिवली होती. ते गृहस्थ भिडस्त. अजून तो हात खिशात घालूनच दुकानावरून जातात.

पाचशेव्या प्रयोगाला मी निघाले होते रे. नवे कपडे घालून, तिकीट हातात घेऊन, बसच्या पायरीवर एक पाय ठेवला होता. कंडक्टरला विचारलं मधे किती वेळा थांबता. तो म्हणाला एकदा, चार तासांनी. मी तो पाय खाली घेतला. मुलाला सांगितलं बस चुकली. तो म्हणाला अर्ध्या तासाने दुसरी आहे. तेव्हा मला गणवेश आठवले.

गोळीचा गुण मी तुला चार पानं भरून कळवला. तिच्यामागून जे आलं ते एका ओळीने कळवलं नाही. गोळीवर संशय आला नव्हता, हे खरं. तुझ्यासारखीच मीही वयाला बोल लावत होते. पण लाज सोडून एक ओळ लिहिली असती तर तू सावध झाला असतास आणि चिठ्ठी देण्याची पाळी तुझ्यावर आली नसती. पोपट, याचं मला फार वाईट वाटतं. लहानपणी मी अडले की तू सांगायचास. मला एकदा सांगायचं होतं, तेव्हा मी गप्प राहिले.

उद्या सकाळी डॉक्टरकडे जाते आहे. वही घेऊन जाईन. तू मॅनेजरांकडे जा आणि चिठ्ठी परत माग.

रागावला असशील तर रागाव, पण अबोला धरू नकोस. तुझ्याकडे तो आधीच एक चालू आहे.

ताई

२० मे

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. राग आला होता. दोन दिवस टिकला, मग त्या गृहस्थांची बाही आठवली आणि गेला. शिवाय आपण दोघांनी एकच गोष्ट एकाच कारणाने लपवली. त्यात मी तुझ्यावर कुठल्या तोंडाने रागावू?

फुल्या कमी होत होत गेले चार प्रयोग पानं कोरी आहेत. नवी गोळी गुडघ्यांना तितकी मानवत नाही, जिन्यात कठडा धरावा लागतो. डॉक्टरीणबाई म्हणतात की कारण बहुधा गोळीच होती, तरी लक्ष ठेवायचं. मी त्यांना बहुधा या शब्दावर गोल करू का विचारलं, तर हसल्या.

चार कोऱ्या प्रयोगांनी धीर आला तेव्हा मॅनेजरांकडे चिठ्ठी मागायला गेलो. त्यांनी त्याच कोटाच्या त्याच खिशातून ती काढून दिली. नवा माणूस त्यांनी शोधलाच नव्हता. बाईंनी त्यांना सांगितलं होतं की याचे डोळे उत्तम आहेत, चिठ्ठी खिशातच राहू द्या.

मग बाईंच्या मेकअपच्या खोलीत गेलो. माफी मागायची म्हणून दोन वाक्यं पाठ करून गेलो होतो, ती दारातच विसरलो. बाईंनी आरशातून बघत मला बसायला सांगितलं. जानेवारीतल्या त्या दिवशी त्यांनी मला अंधारातून धावत येताना पाहिलं होतं. बटणासकट. त्यांच्या यजमानांना शेवटची काही वर्षं हाच त्रास होता, त्यामुळे त्यांना सांगावं लागलं नाही. त्या दिवसानंतर बाई त्या भाषणात एकदाही अडल्या नव्हत्या. घड्या घालत होत्या त्या मला जाऊन येता यावं म्हणून. माझे गुडघे बघता सहा कपड्यांत माझं भागायचं नाही, म्हणून कपडेपटातून आणखी तीन मागवून घेतले होते. आणि विंगेकडे बघत नव्हत्या, कारण बघितलं असतं तर मी लाजून उठलोच नसतो.

मी विचारलं की मग अबोला कसला. त्या म्हणाल्या की बारा वर्षं मी तुमच्यापुढे राजरोस अडखळते आहे, तुम्हाला एकदा माझ्यापुढे अडखळता आलं नाही, याचा मला राग आला होता. ताई, मला तिथेच रडू फुटलं. बाईंनी मेकअपचा कापूस पुढे केला. माझ्या नाकाला पावडर लागली ती प्रयोग संपेपर्यंत तशीच होती.

आता घड्यांची गरज नाही, असं मी म्हटलं तर त्यांनी साफ धुडकावलं. पेपरात छापून आलंय, आता ते नाटकातलंच आहे म्हणाल्या. संहितेत पेनाने लिहून घ्यायला लावलं की येथे आई नऊ कपड्यांच्या घड्या घालते.

तीस तारखेला दुपारी हंगामातला शेवटचा प्रयोग आहे. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची ठेवली आहे. तिथून त्या दारापर्यंत अकरा पावलं, मी स्वतः मोजली आहेत. वाटेत कोच नाही. यायचं जमलं तर ये. नाही जमलं तर खरं कारण लिही.

लोभ कमी-जास्त करायला आता तुझ्याकडे सबब नाही.

तुझा धाकटा

३ जून

चि. पोपटास,

अनेक उत्तम आशीर्वाद, मागची बाकी धरून. सुखरूप पोचले. माझी फुली अजून पूर्ण गेलेली नाही. डॉक्टर म्हणतात थोडं गोळीचं होतं, थोडं माझं स्वतःचं आहे, त्यासाठी व्यायाम दिलाय. तो शिवता शिवता करता येतो आणि कुणाला कळत नाही.

तिकडे येतानाची गोष्ट तुला सांगायची राहिली. बसच्या त्याच पायरीवर उभी राहून मी कंडक्टरला खड्या आवाजात सांगितलं की मला लघवीचा त्रास आहे, दर दोन तासांनी बस थांबली पाहिजे. माझ्या मागे उभ्या असलेल्या दोघी जणी म्हणाल्या की बरं झालं कुणी बोललं. ड्रायव्हर तीनदा थांबला, आणि तिन्ही वेळा सगळ्यांच्या आधी तोच उतरला.

प्रयोगाबद्दल एक सांगते. त्या कडेच्या खुर्चीतून तुझं स्टूल दिसतं. तुला हे ठाऊक नसावं. बाईंनी बॅग उघडली आणि सगळं थिएटर शांत झालं तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघत होते, मी तुझ्याकडे. आता तू उठणार असं वाटलं. तू उठला नाहीस. संहिता मिटून मांडीवर ठेवलीस आणि प्रत्येक कपड्याला ओठ हलवत राहिलास. तू घड्या मोजत होतास, पोपट. मीही तुझ्याबरोबर मोजल्या. नऊ झाल्या, बाईंनी बॅग मिटली, आणि तू जागचा हलला नव्हतास. मीही नाही.

पडदा पडल्यावर काय झालं ते तुला माहीत आहे, तरी मुलाला आणि सुनेला सांगितलं, कारागीर बाईंनाही सांगितलं. मी तुला भेटायला मागच्या दाराने आत आले, तर त्या संडासापाशी आपण तिघं एकदमच पोचलो, तू, मी आणि अंगावर आईचा वेश तसाच असलेल्या बाई. बाईंनी मला पाहुणी म्हणून आधी आत सोडलं.

पुढच्या हंगामातही तीच खुर्ची ठेव. लोभ आहे तो असाच उघड राहू दे.

तुझी ताई